भोकांची बखर

जगाचा इतिहास तलवारींनी घडवला असं शाळेत शिकवतात. बी.कॉम.ला गेल्यावर कळतं की तो खातेवह्यांनी घडवला. माझं नम्र मत असं की, निदान कॉम्प्युटरचा इतिहास तरी भोकांनी घडवला. भोकं म्हणजे कॅबिनेटच्या पत्र्यातली, मदरबोर्ड स्क्रूने आवळण्यासाठी पाडलेली. (कॅबिनेट म्हणजे मंत्रिमंडळ नव्हे, तिथे कोण कुठे बसेल हे भोकांवर ठरत नाही.) सनावळीसकट सिद्ध करून दाखवतो.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम या बड्या अमेरिकन कंपनीने आपला पीसी बाजारात आणला. एरवी या घराण्याचा कारभार सोवळ्यातला. पण या खेपेला घाई होती. फ्लोरिडातल्या बोका रॅटन गावी बसलेल्या मंडळींनी साधारण वर्षभरात यंत्र उभं केलं. प्रोसेसर इंटेलकडून, ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टकडून, अशी लग्नघरासारखी उसनवार केली. वर जाडजूड पुस्तक काढून त्यात यंत्राचे सगळे नकाशे छापले. बायोस नावाचा मूळ प्रोग्रॅमही छापला. फक्त त्याचा कॉपीराइट स्वतःकडे ठेवला. आजी लोणच्याची कृती सांगताना एक जिन्नस हमखास गाळते, तसं.

पण सुना हुशार असतात. कॉम्पॅक कंपनीने १९८२ मध्ये तसंच चालणारं यंत्र जाहीर केलं. बायोस कसा मिळवला? एका गटाने वाचायचं आणि तो काय काय करतो ते सांगायचं. दुसऱ्या गटाने मूळ पान न बघता नवा लिहायचा. आमच्या परीक्षेत या प्रकाराला निराळं नाव होतं. अमेरिकेत तो कायद्यात बसला.

मग नकलांचं पीकच आलं. नक्कल करणाऱ्यांनी बोर्डाचा आकार उचलला, तशा भोकांच्या जागाही उचलल्या. त्यातूनच पुढे 'बेबी एटी' नावाचा सुटसुटीत बोर्ड रूढ झाला आणि ग्राहकाचं भाग्य उजळलं. २८६ काढा, ३८६ बसवा. मग ४८६, मग पेंटियम. भाडेकरू बदलले, घर तेच! धोका एकच होता. वीजपुरवठ्याचे दोन प्लग शेजारी-शेजारी लावायचे असत आणि ते उलटसुलटही बसत. उलटे बसले की बोर्डाचा कपाळमोक्ष. म्हणून जगभरचे मेकॅनिक एकच मंत्र जपत : काळ्या तारा मधे, काळ्याला काळी.

हे सगळं पाहून आयबीएमला पश्चात्ताप झाला. १९८७ मध्ये तिने पीएस/२ काढला : खोकं निराळं, बोर्ड निराळा, कार्डाच्या खाचाही निराळ्या. कोणाला तशा बनवायच्या असतील तर परवाना घ्या, पैसे मोजा. १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी एकजूट करून वेगळी खाच जाहीर केली. आमच्या युनियनलाही इतकी एकी कधी साधली नव्हती.

शेवटी १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाची भोकांची राज्यघटना लिहिली. बोर्ड जास्तीत जास्त १२ इंच बाय ९.६ इंच, भोकं अमुक जागी, वीस पिनांचा प्लग एकच आणि तो उलटा बसणारच नाही असा. पण घटना आली म्हणून संस्थानं थोडीच जातात? नव्वदीच्या अखेरीस डेल कंपनीच्या कित्येक मॉडेलांत दिसायला तसाच वीस पिनांचा प्लग होता. आत तारांच्या जागा मात्र बदललेल्या. बाजारातला एसएमपीएस त्या बोर्डाला लावला की धूर. दिसायला खरी आणि आतून निराळी अशी नोट आमच्या काउंटरवर आली, तर आम्ही तिच्यावर शिक्का मारतो.

असंच एका कंपनीचं कॅबिनेट माझ्या घरी आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. पत्रा असा दणकट की वर उभं राहून माळ्यावरचे डबे काढावेत. बोर्ड गेला. "काका, नवीन घ्या," असं तीन दुकानदारांनी सांगितलं. चौथा, लॅमिंग्टन रोडवरचा एक पोरगा, म्हणाला, "बसेल की. थोडं मनवावं लागेल."

त्याचं मनवणं बघण्यासारखं होतं. नव्या बोर्डाची आठ भोकं, जुळली चार. जिथे भोक जुळत नव्हतं तिथली पितळी खुंटी त्याने आधी काढली. ती राहिली तर बोर्डाच्या पोटाला टेकून शॉर्ट करते. मागची खिडकी कापून कानशीने घासली. जुना एसएमपीएस बाजूला ठेवून साधा बसवला. पुढच्या बटणाच्या तारा एकाच प्लगमध्ये कोंबलेल्या, कोणाचंच नाव-गाव नाही. त्याने मीटर लावला आणि बटण दाबत राहिला. ज्या दोन तारांवर मीटर चिवचिवला त्या बटणाच्या! त्या बोर्डाच्या दोन पिनांना जोडल्या आणि यंत्र सुरू झालं.

एवढ्या खर्चात नवं साधं कॅबिनेट आलं असतं, हे वाणिज्य पदवीधर या नात्याने नमूद करतो. मग हा खटाटोप कशाला? आमच्या बँकेत कर्जाची गाडी हप्ते फिटेपर्यंत तारण असते. शेवटचा हप्ता भरला की आम्ही दाखला देतो आणि कागदावरचा बोजा उतरतो. या कॅबिनेटचे पैसे मी रोख मोजले होते. तरी इतकी वर्षं त्याच्या भोकांवर कंपनीचा बोजा होताच. तो कानशीने उतरवावा लागला.

आयबीएमने २००५ मध्ये पीसीचा धंदा लेनोवोला विकून टाकला. पण १९८३ च्या तिच्या एक्सटी मॉडेलने दोन कार्डांमध्ये ठेवलेलं ०.८ इंचाचं अंतर आजच्या कॅबिनेटमध्येही तसंच आहे. कुलूप लावलेलं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. उघडं टाकलेलं तेवढं टिकलं.