सर्व्हे मीटरच्या आकड्यामागे

आपल्या शहरातल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किरणोपचार चालतात. वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्याला वेल्डिंगचा सांधा आतून तपासायचा असेल, तर गॅमा किरणांचा उपयोग होतो. अशा जागी काम करणारा माणूस किरणोत्सार मोजणाऱ्या सर्व्हे मीटरवर विसंबलेला असतो, कारण किरणोत्सार दिसत नाही आणि अंगाला जाणवतही नाही. मग मीटर खरे सांगते, हे कोणी तपासले? या विषयात येणाऱ्यांनी सुरुवात इथूनच करावी.

कॅलिब्रेशन म्हणजे ज्याची तीव्रता आधीच ठाऊक आहे, अशा किरणक्षेत्रात मीटर ठेवून त्याचा आकडा ताडून पाहणे. ती तीव्रता ठरवणारी देशाची मानके मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र सांभाळते. प्रयोगशाळेचे संदर्भ-उपकरण त्या मानकांशी जोडलेले हवे, पण तेवढ्याने भागत नाही. किरणोत्सारी सोर्सपासून एक मीटर अंतरावर सर्व्हे मीटर ठेवताना एक सेंटिमीटर चुकला, की सुमारे २ टक्क्यांचा फरक पडतो. सोर्स कोबाल्ट-६० चा असेल, तर तो वर्षाला सुमारे १२ टक्क्यांनी क्षीण होतो. भिंतींवरून उलटून येणारे किरण आणखी वेगळे.

म्हणून प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचे मूल्यमापक आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकानुसार मान्यता देताना नुसत्या फायली चाळत नाहीत. प्रत्यक्ष मापन करून दाखवायला सांगतात, अनिश्चिततेचा हिशेब तपासतात आणि इतर प्रयोगशाळांशी केलेल्या तुलनेचे निकाल पाहतात.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित कागद म्हणजे मान्यतेची व्याप्ती. प्रमाणपत्रावरचे बोधचिन्ह पाहून आपण समाधानी होतो. कोणत्या किरणांसाठी, किती मात्रेपर्यंत, हे वाचत नाही. सीझियम-१३७ च्या ६६२ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेला अचूक ठरलेले मीटर एक्स-रे खोलीतल्या कमी ऊर्जेच्या विखुरलेल्या किरणांना कितीतरी जास्त आकडा दाखवू शकते. जाड आवरणाचे असेल तर फार कमी. मीटरमधल्या काही गायगर नळ्या अतितीव्र क्षेत्रात चक्क शून्यावर येतात. या शेवटच्या चुकीने जीव जाऊ शकतो.

भौतिकशास्त्र शिकलेल्या मराठवाड्यातल्या तरुणांना इथे भरपूर काम आहे. आधी आपल्या विभागातल्या मीटरचे प्रमाणपत्र मागून घ्या, त्यातली अनिश्चितता आणि ऊर्जा तपासा, आणि सोर्सचा क्षय स्वतः वहीत मांडून पाहा.