सूक्ष्मप्रमाण प्रयोगपद्धती

पदवीच्या रसायनशास्त्रातील प्रयोग ग्रॅमऐवजी मिलिग्रॅमच्या मापात करण्याची पद्धत. अमेरिकेतील मेन राज्यातल्या बोडन कॉलेजात १९८० च्या दशकाच्या प्रारंभी तिने आकार घेतला. मूळ निमित्त अध्यापनाचे नव्हतेच. सेंद्रिय प्रयोगशाळेतील द्रावकांच्या वाफांनी हवा बिघडत होती आणि वायुवीजन सुधारणे महाग पडणार होते. डेना मेयो, सॅम्युएल बुचर व मेरिमॅक कॉलेजचे रोनाल्ड पाइक यांनी रसायनांचे प्रमाणच घटवले. त्यांचे पाठ्यपुस्तक १९८६ मध्ये निघाले.

घन पदार्थ साधारणतः २५ ते १५० मिग्रॅ. घेतात. गोल बुडाच्या चंबूऐवजी शंक्वाकार कुपी वापरतात. निमुळत्या तळाशी थेंबभर द्रवही गोळा होतो व पिपेटने उचलता येतो. तापणे-निवणे लवकर होत असल्याने एका तासिकेत प्रयोग उरकून त्याच्या निष्कर्षांवर चर्चेला वेळ उरतो. अध्यापनाच्या दृष्टीने खरा लाभ हाच. कचरा व आगीचा धोकाही घटतो. मात्र दोन-चार थेंब सांडले तरी उतारा कोसळतो, त्यामुळे हात नेटका लागतो. मिलिग्रॅम अचूक मोजणारा तराजूही हवा. औद्योगिक उत्पादनात लागणारी मोठ्या प्रमाणावरील हाताळणी मात्र या पद्धतीने शिकता येत नाही.