सोर्सवरून कंपाइल की तयार पॅकेज? एका जुन्या वादाचा इतिहास

संगणकावर काम चालणाऱ्या कुठल्याही लॅबमध्ये जा, दोन पंथ भेटतील. एक म्हणतो, ‘पॅकेज टाक आणि मोकळा हो.’ दुसरा म्हणतो, ‘सोर्सवरून बिल्ड कर, नाहीतर कोड रडत-रखडत चालेल.’ नवा विद्यार्थी मधल्यामध्ये सापडतो आणि ज्याचं टेबल जवळ असेल त्याचं ऐकतो. तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल, तर हा वाद कुठून आला ते आत्ताच बघून ठेवा. वरवर तो वेगाचा वाटतो. पण खरा प्रश्न असा आहे, की तुमचा प्रोग्राम तयार होताना घेतलेले निर्णय कुणाचे होते, आणि व्हायवामध्ये विचारलं तर ते तुम्हाला सांगता येतील का?

सत्तरच्या दशकात हा वाद नव्हताच, कारण दुसरा पर्याय नव्हता. बेल लॅब्जमधून विद्यापीठांना युनिक्स मिळायचं ते टेपवर, सोर्स कोडसकट. पुढे मशिन्सही नाना तऱ्हांची आली. पीडीपी-११ वर बनवलेली बायनरी दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरवर चालणं शक्यच नव्हतं. त्यामुळे प्रोग्राम दुसऱ्याला द्यायचा म्हणजे त्याचा सोर्स द्यायचा, आणि घेणाऱ्याने तो आपल्या मशिनवर कंपाइल करायचा. यात कुणाला काही विशेष वाटत नसे.

त्रास मात्र होता. १९७६ मध्ये बेल लॅब्जमधल्या स्टुअर्ट फेल्डमनने ‘मेक’ लिहिलं, त्यामागे एक साधा प्रसंग होता. एका सहकाऱ्याने अख्खी सकाळ एक बग शोधण्यात घालवली होती. बग केव्हाच दुरुस्त झालेला होता, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. कुठली फाइल कशावर अवलंबून आहे ते एकदा लिहून ठेवलं की बदललेल्या भागापुरतंच काम पुन्हा करायचं, एवढीच मेकची कल्पना. (मेकफाइलमध्ये टॅबऐवजी स्पेस दिली की एरर येतो, याचं कारणही मजेशीर आहे. ही पद्धत गैरसोयीची आहे हे फेल्डमनला लवकरच कळलं होतं, पण तोवर डझनभर वापरकर्ते झाले होते आणि त्यांना त्रास नको म्हणून त्याने ती तशीच ठेवली! आज त्या डझनभरांची किंमत आपण सगळे मोजतोय.)

पुढची अडचण होती युनिक्सच्या वेगवेगळ्या अवतारांची. एकाच नावाचं फंक्शन इथे आहे, तिथे नाही. हेडर फाइल इथे या फोल्डरमध्ये, तिथे भलतीकडे. यावर लॅरी वॉलने ‘आरएन’ या आपल्या प्रोग्रामसोबत एक स्क्रिप्ट दिली. ती आधी मशिनची चौकशी करायची आणि मग त्यानुसार सोर्स जुळवून घ्यायची. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झीने ग्नू प्रकल्पासाठी ऑटोकॉन्फ लिहून अशा स्क्रिप्ट आपोआप तयार करण्याची सोय केली. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल हा जो तीन पायऱ्यांचा मंत्र सीनियर आपल्याला पाठ करायला लावतात, तो या काळातला. त्यातली कॉन्फिगर स्क्रिप्ट हजारो ओळींची असते आणि ती कुणीही वाचत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

नव्वदच्या दशकात चित्र पालटलं. लिनक्स आलं आणि ते बहुतेकांकडे इंटेल-जातीच्या पीसीवरच चालत होतं. मशिन सगळ्यांचं सारखंच असेल, तर प्रत्येकाने तेच कंपाइल करत का बसायचं? एकाने करावं, बाकीच्यांनी वापरावं. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन सुरू झालं, १९९५ मध्ये रेड हॅटचं आरपीएम आलं. तरी एक पॅकेज टाकायला गेलं की ते दुसरं मागायचं, दुसरं तिसरं मागायचं, आणि ती शोधाशोध आपणच करायची. १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये एपीटी आलं आणि तिथे ही साखळी मशिन स्वतः सोडवू लागलं. आज आपण ‘एपीटी इन्स्टॉल’ सहज टाइप करतो, त्यामागे कुणीतरी मेंटेनर बसलेला असतो. कंपायलर कुठला, ऑप्शन कुठले, कुठला पॅच लावायचा, हे सगळं त्याने आपल्या वतीने ठरवलेलं असतं.

आणि तो चुकू शकतो. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये असंच झालं. मेमरी तपासणाऱ्या टूलने काही ओळींबद्दल तक्रार केली म्हणून त्या काढून टाकल्या गेल्या. यादृच्छिक संख्या तयार करायला लागणारा कच्चा माल नेमका तिथूनच येत होता. उरली फक्त प्रोसेसची ओळखसंख्या. म्हणजे ठरावीक प्रकारच्या आणि लांबीच्या किल्ल्यांचे जेमतेम ३२,७६८ पर्याय, जे बसून मोजता येतील. मे २००८ मध्ये हे उघडकीला आलं. उबंटू डेबियनवरूनच बनतं, त्यामुळे तिथेही तेच. मूळ ओपनएसएसएलचा सोर्स आणून स्वतः कंपाइल करणारे मात्र वाचले.

झालं, सोर्सवाल्यांचा पंथ जिंकला म्हणायचं? थांबा. केन थॉम्पसनने ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात (छापून आलं १९८४ मध्ये) दाखवलं होतं, की सोर्स स्वच्छ असला तरी कंपायलरच बिघडवलेला असेल तर तो आपल्या नकळत मागचं दार ठेवून देऊ शकतो. बरीच वर्षं हे वर्गात सांगायचं कोडं होतं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत त्याच्या जवळ जाणारं काहीतरी प्रत्यक्ष सापडलं. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, आणि तो धागा ओढत गेला. दुष्ट कोडचा मोठा भाग टेस्ट फाइल म्हणून लपवलेला होता. तो जागा करणारी ओळ गिटच्या रिपॉझिटरीत नव्हतीच. ती होती रिलीजच्या टारबॉलमध्ये, कॉन्फिगर स्क्रिप्टला खाऊ घालणाऱ्या एका मॅक्रो फाइलमध्ये. होय, तीच कुणी न वाचणारी स्क्रिप्ट. वर ती आधी बघायची, की आपण लिनक्सचं डेब किंवा आरपीएम पॅकेज बनवताना चालतोय का. म्हणजे ‘सोर्स’ म्हणून आपण जे उतरवून घेतो ते लेखकाने लिहिलेलं तेच असेल, याचीही खात्री नाही.

आता वेगाचं. इथे सरसकट उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. २००२ मध्ये जेंटूची पहिली पूर्ण आवृत्ती आली. त्यात सगळंच आपल्या मशिनवर कंपाइल करायचं, रात्रभर पंखा घुमवत. टेक्स्ट एडिटरसाठी त्याचा उपयोग काय, हे मला अजून उमगलेलं नाही. पण मॅट्रिक्स गुणाकारात फरक खराच पडतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी टेनेसी विद्यापीठात क्लिंट व्हेली आणि जॅक डोंगारा यांनी अ‍ॅटलास बनवलं, ते बिल्ड होतानाच निरनिराळ्या मांडण्या चालवून बघायचं आणि त्या प्रोसेसरला मानवणारी निवडायचं. आज नमपायच्या तयार पॅकेजमध्ये येणारं ओपनब्लास चालू होताना प्रोसेसर ओळखून योग्य कोड स्वतःच उचलतं. तिथे निव्वळ वेगासाठी कंपाइल करणं म्हणजे बहुतेकदा वेळ घालवणं. उलट ग्रोमॅक्स प्रोसेसरच्या कुठल्या सूचना वापरायच्या ते कंपाइल होतानाच ठरवतं. मोळीतली काठी जशी मिळाली तशी घेतली, तर क्लस्टरवरचे तुमच्या वाट्याचे तास वाया जातील. लॉग फाइलमध्ये ते तसा इशाराही देतं, वाचत चला.

पण वेगापेक्षा मोठी भानगड उत्तराची आहे. संगणकाच्या दशांश बेरजेत क्रम बदलला की शेवटचे अंक बदलतात. वेगळा कंपायलर, वेगळी लायब्ररी, गुणाकार-बेरीज एकत्र करणारी सूचना असली किंवा नसली, की अंक हलले. रेणूंच्या सिम्युलेशनमध्ये असा शेवटचा अंक काही वेळातच अख्खा मार्ग बदलून टाकतो. सरासरी जुळायला हवी, मार्ग जुळेलच असं नाही. त्यामुळे थीसिसमध्ये ‘अमुक आवृत्ती वापरली’ एवढंच लिहिणं अर्धवट आहे.

यावरचा सगळ्यात चांगला तोडगा एका पीएच.डी.तून आला, हे मला फार आवडतं. उट्रेख्ट विद्यापीठात एल्को डोल्स्ट्राने २००६ मध्ये आपला प्रबंध दिला तो निक्सवर. प्रत्येक पॅकेजचा सोर्स, कंपायलर, ऑप्शन, डिपेन्डन्सी या सगळ्यांचा मिळून एक हॅश काढायचा आणि तो पॅकेजच्या फोल्डरच्या नावातच घालायचा. काहीही एक बदललं की नाव बदललं. त्याच हॅशची तयार बायनरी कुणी बनवून ठेवली असेल तर ती उतरवायची, नसेल तर सोर्सवरून बांधायची. दोन पंथांचं भांडण तिथे उरतच नाही. पुढे ग्विक्स आलं, आणि सुपरकॉम्प्युटरसाठी लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत टॉड गॅम्बलिनने २०१३ पासून स्पॅक उभं केलं. आयसर पुण्याच्या परम ब्रह्मासारख्या क्लस्टरवर काम कराल तेव्हा रूटचे अधिकार तुमच्याकडे नसतील, आणि स्पॅक तर आपल्या होम फोल्डरमध्येच चालतं. एकाच प्रोग्रामच्या तीन बिल्ड शेजारीशेजारी ठेवून ताडून बघता येतात.

तोवर एवढं करा. ग्रोमॅक्सला व्हर्जन विचारा. ते आवृत्तीबरोबर कंपायलर, त्याचे फ्लॅग, एफएफटीची लायब्ररी, सगळं छापतं. नमपायमध्ये ‘शो_कॉन्फिग’ आहे. ते जसंच्या तसं रनच्या फोल्डरमध्ये ठेवा, प्रत्येक रनला. जीपीयूचा ड्रायव्हर मात्र त्यात पूर्ण पकडला जाईलच असं नाही. तो अ‍ॅडमिनच्या हातात असतो, आणि मेंटेनन्स होऊन क्लस्टर परत सुरू झाला की बदललेला असू शकतो, म्हणून त्याची नोंद वेगळी करा.