पेण-रोह्याच्या माळ्यावर लष्करी रायफल का सापडत नाही?

दुसरे महायुद्ध संपले आणि युरोपातील शस्त्रकोठारांत लक्षावधी रायफली बिनकामाच्या होऊन पडल्या. व्यापाऱ्यांनी त्या घाऊक भावाने उचलल्या आणि अमेरिकेत टपालाने घरपोच विकल्या. गिऱ्हाईक रायफल घरी आणी, तिच्यावर थापलेले घट्ट ग्रीस काढी, लाकडी दस्त्याला जवसाचे तेल चोळी, सुट्या भागांवरचे क्रमांक जुळतात का ते पाही. यातून एक मोठा छंद उभा राहिला. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली तीही टपालाने मागवलेल्या जुन्या इटालियन लष्करी रायफलीने. १९६८ च्या कायद्याने अशी टपालविक्री थांबवली, छंद मात्र थांबला नाही.

रायगड जिल्ह्यात हा छंद रुजलाच नाही. पेण किंवा रोहा तालुक्यातील डोंगराकडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरी बंदूक असलीच, तर ती बहुधा ठासणीची असते. नळीच्या तोंडातून दारू आणि छरे घालायचे, गजाने ठासायचे, मागे केप बसवायची आणि चाप ओढायचा. एक बार झाला की पुन्हा पहिल्यापासून सारे. ब्रिटिश सैन्याने ही पद्धत १८६६ मध्ये स्नायडर रायफल स्वीकारून मोडीत काढली. मग ती कोकणातल्या माळ्यावर आजवर कशी टिकली? गरिबी हे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे १८५७ मध्ये सापडते.

काडतुसांमुळे प्रसिद्ध झालेली एन्फिल्ड रायफलही ठासणीचीच होती. परंतु तिच्या नळीत पीळदार खाचा होत्या. त्यांमुळे गोळी फिरत, सरळ आणि दूरवर जाई. उठाव चिरडल्यानंतर हिंदी शिपायांच्या हाती अशी अचूक रायफल द्यायचीच कशाला, असा प्रश्न सरकारला पडला. त्यावर काढलेली तोड धूर्त होती. १८५८ च्या नमुन्याच्या बंदुकीत नळीतील खाचाच कोरून काढल्या गेल्या आणि ०.५७७ इंचाचे छिद्र ०.६५६ इंचाचे झाले. बाहेरून पाहणाऱ्यास ती एन्फिल्डच वाटे; लांबवरचा नेम मात्र गेलेला असे. पुढे गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी पलटणींच्या वाट्याला स्नायडर आली, आणि गोऱ्यांनी ली-मेटफर्ड उचलली तेव्हा हिंदी शिपायांकडे मार्टिनी उतरली. नेहमी एक पायरी खाली.

सैन्याची ही अवस्था, तर रयतेची काय असणार? लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. युरोपियनांना आरंभी त्यातून सूट होती. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांनी बंड पुकारले. फडके पनवेलहून पेणकडे जाणाऱ्या वाटेवरील शिरढोणचे, आणि नोकरी पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात. त्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांचे सहकारी दौलतराव नाईक यांनी पनवेलजवळचे पळस्पे लुटले. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्यात बदल करण्याची मागणी केली, इतका तो सुशिक्षितांनाही सलत होता.

याच काळात रोह्याच्या शेजारी, डोंगरापलीकडे, जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान होते. आजचे फणसाड अभयारण्य ते हेच. एका उतारावर नवाबाची शिकार, तर दुसऱ्या उतारावर कुलाबा जिल्ह्यातील शेतकरी आपले भात रानडुकरांपासून राखण्यासाठी परवान्याचा अर्ज करणारा. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात लोक कोयते घेऊन रानात उतरले, आणि पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. त्यांत नाग्या महादू कातकरी होते.

आता कलकत्त्याजवळच्या ईशापूरकडे वळावे लागते. तेथील कारखान्यात विसाव्या शतकाच्या आरंभीपासून .३०३ बोअरची ली-एन्फिल्ड बनू लागली. पोलीस व तुरुंगरक्षक यांच्यासाठी तिच्यावरही १८५८ चाच प्रयोग झाला: नळी गुळगुळीत करून .४१० बोअरची केली, आणि दहा गोळ्यांच्या मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवला. एका वेळी एकच काडतूस. रायफल सरकारविरुद्ध वळलीच, तर निदान तिचा नेम आणि वेग तरी कमी असावा, हा हिशेब. नागरिकांना लष्करी बोअर वर्ज्य, म्हणून शिकाऱ्यांसाठी .३१५ हा वेगळाच बोअर रुळला. लष्करातून चोरलेले काडतूस त्यात बसणारच नव्हते.

स्वातंत्र्यानंतर हा सारा डोलारा कोसळायला हवा होता. तसे घडले नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने वंशभेद ठेवला नाही, पण उतरंड ठेवली. .३०३ सर्वसामान्यांना निषिद्धच राहिली. पोलिसांच्या हाती मात्र ती २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या वेळीही होती. कलम १३ तर मुळातून वाचण्यासारखे आहे. पीकसंरक्षणासाठी परवाना द्यायचा तो ठासणीच्या बंदुकीचा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ती अपुरी पडते अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. सैन्याने नव्वद वर्षांपूर्वी टाकून दिलेले तंत्र स्वतंत्र देशाच्या संसदेने शेतकऱ्यासाठी नावानिशी राखून ठेवले. निवडणुकीची आचारसंहिता लागली की या बंदुकाही पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. महाराष्ट्रात विधानसभेच्या अलीकडच्या निवडणुका ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाल्या. म्हणजे भाताचे दाणे भरण्याच्या आणि डुकरे उतरण्याच्या दिवसांत.

तरीही आजोबांच्या काळची एखादी गंजलेली बंदूक माळ्यावर निघालीच, तर? येथे कलम ४५ आडवे येते. कालबाह्य, पुराणमूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला कायदा लागू नाही; पण अट अशी की ते दुरुस्तीविना आणि दुरुस्ती करूनही झाडता येता कामा नये. म्हणजे जी बंदूक पुन्हा चालती होऊ शकते, ती गंजलेली असतानाही शस्त्रच. शिवाय परवान्याविना बंदुका दुरुस्त करण्याचा धंदा करणे कलम ५ नुसार निषिद्ध. अमेरिकेत ज्याला जीर्णोद्धार म्हणतात, त्याचे रोह्यातले नाव गुन्हा. अवचितगडावरच्या तोफांचे भाग्य त्या मानाने थोर. तोफ सागवानी गाड्यावर चढवली की ढोलताशे वाजतात, आणि ते योग्यच आहे. तिच्याहून दोनशे वर्षांनी धाकट्या बंदुकीची नोंद मात्र कुणी वारसा म्हणून करत नाही. वारस ती घाबरून जमा करतात, आणि गावाच्या इतिहासातला एक दुवा निमूटपणे नाहीसा होतो. जमा करणे रास्तच; पण निदान तिच्यावरचे शिक्के, साल आणि घरात ती कशी आली याची हकिकत आधी टिपून ठेवायला कोणताही कायदा आड येत नाही.

ईशापूरच्या त्या .४१० बंदुकांपैकी कित्येक सेवेतून बाद झाल्यावर परदेशी विकल्या गेल्या. अमेरिकेतील संग्राहकांनी त्या थोड्या डॉलरांत घेतल्या. तिकडे मिळणारे साधे .४१० काडतूस बसावे म्हणून अनेकांनी नळीचा मागचा भाग नव्याने कोरून घेतला, आणि मॅगझिनच्या खाचेतला तो लाकडी ठोकळा उपटून बाहेर काढला.