कोठडीतील धावा

एखादी प्रार्थना जगापर्यंत कशी पोहोचते, याचा विचार करताना आम्हांस पोलंड आठवतो. सप्टेंबर १९४४ मध्ये झाकोपाने येथील गेस्टापोच्या कोठडीत अठरा वर्षांच्या एका मुलीने भिंतीवर आईचे सांत्वन करून पवित्र मरियेचा धावा केला. संगीतकार हेन्रिक गुरेत्स्की यांनी १९७६ साली ते शब्द आपल्या तिसऱ्या सिम्फनीत गुंफले. १९७७ मध्ये फ्रान्समधील रोयाँ येथे ती प्रथम सादर झाली, तेव्हा अनेक समीक्षकांनी नाके मुरडली. मात्र १९९२ साली डॉन अपशॉ यांनी लंडन सिन्फोनिएटासह गायिलेले तिचे ध्वनिमुद्रण निघाले आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. पोलिश भाषा न जाणणाऱ्या घरांतही ती लेक ऐकली गेली. तिला डांबणाऱ्यांची सत्ता १९४५ साली लयास गेली. तिचा धावा आम्ही आजही ऐकू शकतो.