शुभ आशेच्या मातेचें गांव

आमच्या देवळाची कोनशिला कोणीं बसविली, घंटा कोठून आली, पहिला बाप्तिस्मा कोणत्या घरांतील बाळाचा झाला, ह्या सर्व गोष्टी ह्याच स्मरणिकेंत अधिकारी लेखकांनीं सांगितल्या आहेत. त्यांची पुनरुक्ति आम्ही करीत नाहीं. संपादक मंडळानें आम्हांकडे लेख मागितला तेव्हां आम्हांस दुसऱ्याच एका देवळाची आठवण झाली. सेमिनरींत असतांना भोजनाच्या वेळीं मिशनऱ्यांचीं चरित्रें मोठ्यानें वाचलीं जात असत. बाहेर मे महिन्याचें ऊन, आणि कानांवर गोठलेल्या नदीची कथा! त्या कथेंतील एका गांवाचें नांव मनांत राहून गेलें. पुढें इतक्या वर्षांत जसजसें वाचावयास मिळालें तसतसें कळून आलें कीं, त्या वेळीं आम्हांस कथेचा अर्धाच भाग वाचून दाखविण्यांत आला होता. उरलेला अर्धाही सांगावा म्हणून हा लेख लिहीत आहों.

कॅनडा देशाच्या वायव्य प्रदेशांत ग्रेट स्लेव्ह सरोवरांतून मॅकेंझी नांवाची महानदी निघते आणि उत्तरेकडे वाहत जाऊन आर्क्टिक महासागरास मिळते. तेथील मूळ रहिवासी डेने लोक तिला ‘देहचो’, म्हणजे मोठी नदी, म्हणतात. तिच्या खालच्या भागांत एके ठिकाणीं चुनखडीचे उंच कडे दोन्ही बाजूंनीं जवळ येतात, व एवढा विशाल प्रवाह त्या चिंचोळ्या वाटेंतून निघतो. हे कडे जेथें संपतात तेथेंच, नदीच्या उजव्या तीरावर, फोर्ट गुड होप हें गांव वसलें आहे. डेने भाषेंतील त्याचें नांव ‘रादेयिलिकोए’. धांवत्या पाण्याच्या खळाळावरून तें पडलें आहे. उत्तर ध्रुववृत्त तेथून अवघ्या कांहीं कोसांवर. जूनच्या अखेरीस सूर्य मावळल्यासारखा करतो आणि लगेच उगवतो. डिसेंबरांत तो क्षितिजावर थोडा वेळ डोकावून जातो. वस्ती सुमारें पांचशें माणसांची. आमच्याकडील एखाद्या आळींतही ह्याहून अधिक माणसें निघतील. परंतु आळीला शेजारची आळी असते. ह्या गांवाला शेजार नाहीं. सर्वांत जवळचें मोठें ठिकाण नॉर्मन वेल्स, तेंही नदीनें वरच्या अंगास सुमारें नव्वद मैलांवर. म्हणून शाळा, दवाखाना, पोलीस ठाणें, वीजघर, विमानांचा तळ, दुकान, गांव म्हणून जें जें लागतें तें सारें ह्या पांचशें जणांसाठीं तेथेंच उभें करावें लागतें.

तेथवर जावयाचें कसें? बारमाही रस्ता मॅकेंझीच्या खोऱ्यांत रिग्ली नांवाच्या गांवापाशीं संपतो, आणि तें गांव नॉर्मन वेल्सच्याही पुष्कळ अलीकडे आहे. पुढें कडाक्याची थंडी पडून जमीन, दलदल आणि ओढे टणक झाले म्हणजे त्यांवरून बर्फाचा हिवाळी रस्ता तयार करितात. तो साधारणतः जानेवारीपासून मार्चपर्यंत चालतो. तेवढ्या अवधींत मालमोटारी जड सामान आणून टाकतात, आणि गांवकरी आपल्या गाड्या घेऊन दूरच्या बाजाराला व आप्तांना भेटावयास निघतात. बर्फ मऊ पडूं लागलें कीं रस्ता बंद. मे महिन्यांत नदीचें बर्फ फुटतें, आणि त्याच्या प्रचंड लाद्या एकमेकींवर चढून पाणी तुंबलें तर पूर येतो. मग ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या कांठच्या हे रिव्हर बंदरांतून मोठे पडाव इंधन, बांधकामाचें लांकूड व टिकाऊ धान्य घेऊन खालीं येतात. हिवाळी रस्ता आणि पडाव ह्या दोहोंवर सर्व वर्षाची बेगमी अवलंबून असते. उरलेलें सर्व विमानानें. दूध, भाजी व फळें हवेंतून येणार, तर त्यांची किंमत काय होत असेल ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. सरकार अन्नाच्या वाहतुकीला अनुदान देतें. तरीही दुकानांतील किंमती दक्षिणेच्या मानानें फार चढ्या राहतात.

जमीन खालीं कायमची गोठलेली असल्यामुळें नळ पुरून पाणी नेणें सोपें नाहीं. टांकीची गाडी घरोघर जाऊन पाणी भरते, आणि सांडपाणीही गाडीनेंच उपसून नेतात. वीज डिझेलच्या यंत्रांवर होते. अर्थात् पडाव आला नाहीं तर प्रश्न केवळ दुकानाच्या फळीचा उरत नाहीं. दवाखाना परिचारिकांच्या हातीं आहे. डॉक्टर ठराविक काळानें येऊन जातात. दुखणें कठीण झालें कीं रोग्याला विमानानें मोठ्या इस्पितळांत न्यावयाचें. आम्हीं पुष्कळ रोग्यांना अंत्यसंस्कार दिले आहेत, आणि जवळच्या इस्पितळांतही घरचीं माणसें उशिरा पोहोंचलेलीं पाहिलीं आहेत. तेथें तर घरचीं माणसें हवामान निवळण्याची वाट पाहत विमानतळावर बसतात.

इतकें असूनही लोक तेथें राहतात, आणि तेथेंच राहूं इच्छितात. कारण दुकानाखेरीज त्यांचें दुसरें एक कोठार आहे, आणि तें फार जुनें आहे. नदींतील पांढरे मासे, रानांतील मूस व कॅरिबू, वसंतांत येणारीं बदकें व हंस, शरद् ऋतूंतील रानबोरें. आमच्या किनाऱ्यावर बोंबील वलांडीवर सुकतात; तेथें मासे चिरून, दांड्यांवर टांगून, खालीं मंद धूर करून सुकवितात. मूस हें घोड्याएवढें जनावर. तें मिळालें म्हणजे मांस घरोघर वांटलें जातें, म्हाताऱ्यांना आधीं. पगाराची नोकरी शाळा, दवाखाना, ग्रामसंस्था किंवा दुकान ह्यांतच काय ती मिळते, आणि सर्वांना पुरेल इतकी नाहीं. पूर्वी मार्टेन, बीव्हर व लिंक्स ह्यांच्या केसाळ कातड्यांवर घरें चालत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांत अशा कातड्यांविरुद्ध चळवळ झाली, भाव कोसळले, आणि ज्यांनीं कधीं गरजेपेक्षां अधिक मारलें नाहीं अशा कुटुंबांच्या हातांतील रोकड गेली. दयाबुद्धीनें केलेलें कृत्यही दूरच्या गरिबाच्या चुलीपर्यंत कसें पोहोंचतें, त्याचा हा एक मासला.

गांव जन्मास आलें तेंही कातड्यांच्या व्यापारानें. १७८९ सालीं अलेक्झांडर मॅकेंझी ह्या नदीनें समुद्रापर्यंत जाऊन आला. त्यानंतर १८०५ च्या सुमारास नॉर्थ वेस्ट कंपनीनें ह्या भागांत ठाणें घातलें व त्याला ‘शुभ आशा’ हें नांव दिलें. १८२१ मध्यें ती कंपनी हडसन्स बे कंपनींत विलीन झाली. ठाण्याची जागा कित्येकदां बदलली. बर्फाच्या पुरानें तें एकदां वाहूनही गेलें. हल्लींच्या जागीं तें एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत आलें. तेथील डेने लोकांना फ्रेंच मंडळी ‘सशाच्या कातड्याचे लोक’ म्हणत, कारण सशाच्या कातड्यांच्या पट्ट्या विणून ते उबदार वस्त्र करीत. तिकडील ससे दर दहा वर्षांच्या सुमारास वाढून पुनः नाहींसे होतात. ससे गेले कीं अन्न गेलें आणि वस्त्रही गेलें.

१८५९ सालीं निष्कलंक मरियेच्या ओब्लेट संघाचे फादर आंरी ग्रोलिए येथें आले व त्यांनीं मिशन स्थापिलें. दम्यानें पोखरलेलें शरीर, आहार बहुधा मासे, आणि सोबतीला दुसरा धर्मगुरु पुष्कळ काळ नाहीं. १८६४ च्या जून महिन्यांत वयाच्या अडतिसाव्या वर्षीं ते तेथेंच वारले. त्याच सुमारास अँग्लिकन मिशनरीही त्याच नदीनें उतरत होते. उभयतांची जी चढाओढ चालली ती आज वाचतांना कोणाही ख्रिस्ती माणसास शोभणारी वाटत नाहीं. फादर सेगें ह्यांनीं तेथें सुमारें चाळीस वर्षें काढलीं. ब्रदर कर्नी हे आयरिश सुतार-कोळी-लांकूडतोडे त्याहूनही अधिक काळ राहिले. भोजनगृहांतील वाचनांत त्यांच्या वांट्यास, आम्हांस आठवतें त्याप्रमाणें, एकच ओळ आली होती.

१८६५ मध्यें ‘शुभ आशेच्या मातेचें’ देऊळ बांधावयास घेतलें. तें पुरें व्हावयास १८८५ साल उजाडलें. सर्व लांकडाचें, लहानसें, निमुळत्या कमानींचें. आंत मात्र भिंती व छत चित्रांनीं आणि वेलबुट्टीनें रंगविलेले आहेत. तें काम मुख्यत्वेंकरून फादर एमिल पेतितो ह्यांचें. ह्या विलक्षण पुरुषानें ठिकठिकाणीं पायीं व नावेनें हिंडून नकाशे केले, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडच्या कथा उतरून घेतल्या, आणि १८७६ सालीं डेने भाषांचा थोर शब्दकोश पॅरिसांत छापविला. फादर स्टीफन्सचें ‘ख्रिस्तपुराण’ ज्यांच्या पूर्वजांच्या कानांवर पडलें, त्यांना परक्या भाषेपुढें शिष्य होऊन बसणाऱ्या धर्मगुरूची थोरवी सांगावयास नको. परंतु हेंही सांगितलें पाहिजे कीं, पेतितोंचें मन वारंवार विकल होई, व त्यांच्या वर्तनापायीं वरिष्ठांवर कठोर उपाय योजण्याची पाळी आली. शेवटीं ते फ्रान्सला परतले व एका खेड्याचे धर्मगुरु म्हणून १९१६ सालीं वारले.

१९२० सालीं नॉर्मन वेल्स येथें खनिज तेल लागलें. पुढच्याच वर्षीं सरकारचा अधिकारी ‘अकरावा करार’ घेऊन नदीनें गांवोगांव फिरला. त्याच्यासोबत बिशप ब्रेना होते; लोकांनीं सह्या कराव्या म्हणून बिशपांचा शब्द फार उपयोगी पडला. वचनें पाळलीं गेलीं नाहींत, आणि पुढें ह्याच बिशपांनीं वृत्तपत्रांतून सरकारला उघड दोष दिला. १९२८ च्या उन्हाळ्यांत कंपनीची आगबोट ‘डिस्ट्रिब्यूटर’ माल घेऊन खालीं आली ती इन्फ्लुएंझाची साथही घेऊन आली. नदीकांठच्या डेने लोकांतील दर दहांतून एक किंवा त्याहूनही अधिक माणसें त्या एका उन्हाळ्यांत गेलीं.

आतां जो भाग आम्हांस सेमिनरींत वाचून दाखविण्यांत आला नाहीं, तो. सरकारच्या पैशानें व मिशनांच्या चालकत्वाखालीं कॅनडांत निवासी शाळा चालत. एकंदर दीड लाखांच्या आसपास मूळनिवासी मुलें त्यांत घालण्यांत आलीं. नदीच्या ह्या भागांतील कॅथलिक मुलांना आधीं आक्लाविक येथें व १९५९ पासून इनुविक येथील वसतिगृहांत नेत. उन्हाळ्याच्या शेवटीं नाव किंवा विमान येई, मूल जाई, कित्येक मुलें वर्षानुवर्षें घर पाहत नसत. आईची भाषा बोलण्यास बंदी असे. तीच भाषा, जिचा कोश पेतितोंनीं घाम गाळून केला होता! इनुविकच्या वसतिगृहाचें नांव ‘ग्रोलिए हॉल’. तेथील एकाहून अधिक पर्यवेक्षकांवर मुलांशीं केलेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल न्यायालयांत गुन्हे सिद्ध झाले. दम्यानें मेलेल्या त्या धर्मगुरूचें नांव आज तिकडे घेतलें तर कित्येक वृद्धांच्या डोळ्यांपुढें त्याचें थडगें येत नाहीं, तें वसतिगृह येतें. हें लिहितांना आमची लेखणी अडखळते. पण लेखणी अडखळणें ही त्या मुलांच्या दुःखापुढें फार लहान अडचण आहे. १९९१ सालीं कॅनडांतील ओब्लेट संघानें क्षमा मागितली. परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल ह्याच नदीवरील फोर्ट सिम्प्सन येथें १९८४ मध्यें धुक्यामुळें उतरूं शकले नव्हते. दिलेल्या वचनाप्रमाणें १९८७ मध्यें ते पुनः आले. परंतु निवासी शाळांबद्दल कॅनडाच्या भूमीवर क्षमा मागण्याचें काम परमगुरुस्वामी फ्रान्सिस ह्यांनीं २०२२ च्या जुलै महिन्यांत केलें. तोंवर क्षमा ऐकावयास हवीं होतीं त्यांतील पुष्कळ माणसें मातीआड गेलीं होतीं.

ज्यांच्या तोंडची भाषा काढून घेण्याचा यत्न झाला ते मुके मात्र झाले नाहींत. नदीच्या खोऱ्यांतून वायूचा प्रचंड नळ नेण्याचा बेत निघाला तेव्हां न्यायमूर्ति टॉमस बर्जर पस्तीस वस्त्यांत जाऊन लोकांचें म्हणणें ऐकत फिरले. १९७५ च्या ऑगस्टांत ते गुड होप येथें बसले असतां गांवचे तरुण प्रमुख फ्रँक त्सेले ह्यांनीं, समोर कंपनीचे अध्यक्ष बसले असतां, ह्या नळाला आपला प्राणपणानें विरोध राहील असें सांगितलें. मूळनिवासींच्या हक्कांचा निवाडा होईपर्यंत असले बेत थांबवावे, असें त्या वेळीं कॅथलिक व अँग्लिकन ख्रिस्तसभाही एकत्र येऊन म्हणत होत्या. शंभर वर्षांपूर्वींच्या चढाओढीच्या मानानें ही प्रगति बरी! १९७७ च्या अहवालांत बर्जर ह्यांनीं दहा वर्षें थांबावें असा सल्ला दिला. १९९३ सालीं साहतू प्रदेशाच्या डेने व मेटी लोकांशीं करार होऊन ४१,४३७ चौरस किलोमीटर भूमीची मालकी त्यांना मिळाली. वायूचा नळ पुढें पुनः मंजूर झाला, पण २०१७ सालीं कंपन्यांनींच तो सोडून दिला. २०१९ मध्यें गांवाच्या पश्चिमेकडील सुमारें दहा हजार चौरस किलोमीटर पाणथळ व रान संरक्षित झालें, आणि त्याच्या राखणीचें काम गांवच्याच लोकांकडे आलें.

देऊळ १९७७ सालीं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झालें. धर्मप्रांताचा विस्तार सुमारें पंधरा लाख चौरस किलोमीटर आणि धर्मगुरु हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेव्हां अशा गांवांत रविवारची प्रार्थना व मृतांसाठीं जपमाळ बहुधा गांवचीं वडीलधारीं माणसेंच चालवितात. ज्यांना त्या वसतिगृहांत घालण्यांत आलें होतें त्यांतीलच कांहीं हें करितात. कित्येकांनीं देवळाची पायरी पुनः चढली नाहीं, आणि त्यांना तसें म्हणावयाचा अधिकार कोणास आहे?

२०२४ च्या जून महिन्याच्या १५ तारखेला गांवाशेजारीं वणवा पेटला. रस्ता नाहींच, लोक नावांत बसून नदीनें आपल्या मासेमारीच्या झोंपड्यांकडे निघाले, म्हातारे व आजारी विमानांनीं गेले, आणि कांहीं मंडळी आगीशीं झुंजावयास मागें राहिली. जुलै महिन्यांत लोक परत आले तेव्हां गांव उभें होतें. शुभ आशेच्या मातेचें लांकडी देऊळही उभें होतें. त्याच उन्हाळ्यांत नदीचें पाणी इतकें ओसरलें कीं साहतू प्रदेशाकडील पडावांच्या फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. गांवकऱ्यांनीं जाळीं टाकलीं, मासे धुरीवर चढविले, आणि हिवाळी रस्ता केव्हां सुरू होतो ह्याची वाट पाहूं लागले.