पुलावरचे छप्पर

पुलाला छप्पर कशासाठी असावे? वाटसरूला ऊनपाऊस लागू नये म्हणून, असे कोणीही म्हणेल. अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट राज्यात असे छपराचे लाकडी पूल आजही शंभराच्या आसपास आहेत. त्यांचे छप्पर माणसांसाठी नसून लाकडासाठी आहे. उघड्या पुलाच्या सांध्यांत पाणी मुरते आणि तो पंधरा-वीस वर्षांत कुजतो. वर छप्पर आणि बाजूंना फळ्या असल्या, तर तोच पूल शंभरी ओलांडतो.

तिथल्या बार्टन्सव्हिल या खेड्यात विल्यम्स नदीवर सॅनफर्ड ग्रेंजर याने १८७० साली १५१ फुटांचा असा पूल बांधला. रचना इथिएल टाउन या वास्तुविशारदाची, १८२० साली पेटंट घेतलेली. तिरप्या फळ्या एकमेकींना छेद देत जाळीसारख्या लावायच्या आणि छेदांवर लाकडी खुंट्या ठोकायच्या. अवजड तुळया लागत नाहीत, फार कसबी सुतारही लागत नाही. आम्हा इंजिनिअर लोकांना आवडावी अशी गोष्ट म्हणजे, भार इतक्या फळ्यांत वाटला जातो की एखादी निकामी झाली तरी पूल तग धरतो.

२८ ऑगस्ट २०११ रोजी आयरीन वादळाच्या पुरात मात्र १४१ वर्षांचा हा पूल नदीत कोसळला. गावाने त्याच जागी, त्याच जाळीच्या रचनेचा लाकडी पूल पुन्हा बांधला. जानेवारी २०१३ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला.

मग हा पूल जुना म्हणायचा की नवा? लाकूड नवे आहे, पण रचना जुनीच आहे. जुन्या पुलांची डागडुजी सतत चालू राहिल्यामुळे ते काम जाणणारे सुतार तिथे टिकले, म्हणून हे जमले. जतन म्हणजे नुसती वस्तू राखणे नव्हे, ती पुन्हा करता येणेही राखणे, असे मला वाटते.

आपल्या कोकणातही वहाळावर बांबूचे, पोफळीच्या खोडांचे साकव असत. गावकरी ते दरवर्षी नव्याने बांधत. आता साकव म्हटले की सिमेंटचाच. तो सोयीचा आहे, पावसाळ्यात मुलांची शाळा बुडत नाही. त्याबद्दल तक्रार नाही. पण जुना साकव कसा बांधत, बंध कशाचे, खांब किती खोल, हे सांगणारी माणसे आता सत्तरीपुढची आहेत. आपल्यापैकी कोणाच्या घरी असे कोणी असेल, तर या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा आणि सगळे लिहून घ्या.